सुटलेल्या नखाला घरचा उपाय करण्याआधी नख तपासून घ्या, माझी दोन वर्षं गेली

कणीकवाली

मी डब्यांचं काम करते. पहाटे चारपासून दुपारपर्यंत हात पाण्यात नाहीतर कणकेत. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं नख टोकाकडून पांढरं पडायला लागलं. दुखत नव्हतं, पण पांढरा भाग खालच्या मांसापासून सुटला होता. त्या फटीत कणीक जाऊन बसायची आणि वाळली की खडा व्हायचा. रोज रात्री मी ती सेफ्टी पिनने कोरून काढायचे.

ज्यांना ज्यांना दाखवलं त्या सगळ्यांनी एकच सांगितलं, बुरशी आहे. मग खोबरेलात हळद कालवून लावली. कडुलिंबाच्या काढ्यात बोट बुडवलं. व्हिनेगर झालं, लसणाचा रस झाला. नखुरडं झाल्यावर लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसतात, तसं लिंबू घालून तीन रात्री झोपले. लसणाने कडेची कातडी भाजली. हळदीने नख इतकं पिवळं झालं की त्याचा खरा रंग कुठला हेच कळेना.

फट अर्ध्या नखापर्यंत गेली आणि आत हिरवट डाग दिसला, तेव्हा घाबरून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नखाचा तुकडा आणि खालचा चुरा तपासायला पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली नाही. कल्चरसाठी, म्हणजे बुरशी उगवते का ते बघायला, चार आठवडे ठेवलं, त्यातही काही उगवलं नाही. कारण निघालं सततचं पाणी आणि माझी पिन. हिरवा डाग म्हणजे ओल्या पोकळीत वाढलेले जिवाणू.

दोन वर्षं मी जी बुरशी मारत होते ती नव्हतीच. घरच्या उपायांवर माझा राग नाही, पण नख न तपासता कुणीही कुणाला काहीही लावायला सांगू नये, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

करंजाचं तेल

ताई, तुमचा त्रास कळला, पण मत पटलं नाही. आमच्या कोकणात लावणीचे दिवस आले की बायकांचे हात-पाय दिवसभर चिखलात असतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, नखं सुटतात. माझी आई रात्री हात-पाय पुसून करंजाचं तेल लावते आणि दिवाळीपर्यंत नखं धड होतात. त्वचेचे डॉक्टर आमच्याकडे तालुक्याला आठवड्यातून एकदाच येतात. तिथे जायचं तर मजुरी बुडते. अशा बाईला ‘आधी तपासणी’ सांगणं म्हणजे काहीच करू नको म्हणण्यासारखं आहे. तुमचं निदान चुकलं, त्याचं खापर उपायावर का?

लॅबमध्ये बारा वर्षं

करंजवाले दादा, लावणी संपली की आईचे हात कोरडे राहतात. नखं त्याने सुधारली की तेलाने, हे कसं ठरवलंत? आणि दर पावसाळ्यात परत सुटतात ना?

आमच्याकडे बुरशी म्हणून येणाऱ्या नखांत साधारण निम्म्यांत बुरशी नसते. मार लागणं, सोरायसिस (खवले येणारा त्वचेचा आजार), थायरॉइड, सततचं पाणी, नेलपॉलिश काढायचं रसायन अशी कितीतरी कारणं असतात. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असताना उन्हात काम केलं तरी नख सुटू शकतं.

नमुना देताना एक सांभाळा. टोकाचा सैल चुरा कमी उपयोगाचा. सुटलेला भाग जिथे घट्ट भागाला मिळतो तिथलं खरवडून घ्यायला सांगा, आणि बुरशीचं मलम चालू असेल तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे आधी थांबवा. एकदा ‘नाही’ आलं म्हणजे नक्की नाही, असंही नसतं. शंका असेल तर पुन्हा द्यावं लागतं.

रोखठोक

तपासणी, तपासणी! मी डॉक्टरांकडेच गेलो होतो. त्यांनी लांबूनच नख बघितलं आणि टर्बिनाफिन ही बुरशीवरची गोळी, २५० मिलिग्रॅम, रोज एक, सहा आठवडे असं लिहून दिलं. ना नखाचा नमुना, ना रक्त तपासून यकृताची चौकशी. सहा आठवडे गोळ्या गिळल्या, फरक शून्य. दुसऱ्या डॉक्टरांनी नखावरचे सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे बघितले, कोपर बघितलं आणि सोरायसिस सांगितला. यापेक्षा माझ्या आजीची हळद बरी. तिने यकृताला तरी धक्का लागला नसता.

कणीकवाली

रोखठोक, तुमच्याबाबतीत चुकलंच, आणि ते ऐकून वाईट वाटलं. पण मी ‘डॉक्टर गाठा’ लिहिलेलं नाही, ‘नख तपासा’ लिहिलंय. न तपासता दिलेली गोळी आणि न तपासता लावलेला लसूण माझ्या लेखी सारखेच. डॉक्टरांना सरळ विचारायचं, नमुना घेणार का? मी विचारलं नसतं तर कदाचित मलाही गोळ्याच मिळाल्या असत्या.

धाकटी लेक

बाबांना मधुमेह आहे. पायाच्या अंगठ्याच्या नखाला बुरशी म्हणून कढत मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसले. पायाला संवेदना कमी, त्यामुळे भाजतंय हे कळलंच नाही. फोड आले, जखम भरायला तीन महिने लागले. मधुमेह असलेल्यांनी कृपा करून हे करू नका.

व्हिक्सवाला

माझ्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं, चुरा होणारं होतं. तपासलं तेव्हा बुरशीच निघाली. यकृताचा त्रास असल्याने गोळ्या नकोत म्हणाले. रोज रात्री व्हिक्स चोळलं, चौदा महिने, एक दिवस न चुकता. नख स्वच्छ झालं. अमेरिकेत २०११ साली १८ जणांवर हेच करून बघितलं होतं, त्यातले ५ पूर्ण बरे झाले. मग घरचा उपाय फुकट कसा म्हणायचा?

लॅबमध्ये बारा वर्षं

फुकट कुणीच म्हणत नाही. पण त्या १८ जणांशी तुलना करायला व्हिक्स न लावलेला गट नव्हता, आणि १३ जण पूर्ण बरे झाले नाहीत हेही सांगा. तुम्ही मात्र योग्य क्रमाने गेलात. आधी तपासलंत, मग ठरवलंत, आणि चौदा महिने टिकलात. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतंच. लोक तीन आठवड्यांत उपाय बदलतात.

मला जास्त भीती मेडिकलवरून मागून आणलेल्या तीन-तीन औषधं एकत्र असलेल्या मलमांची वाटते. त्यात स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली जाते आणि खाली बुरशी पसरत राहते. हळद लावणाऱ्यापेक्षा हे मलम लावणाऱ्याचे हाल जास्त होतात.

करंजाचं तेल

कणीकवाली ताई, एक सरळ विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी शेवटी उपाय काय दिला?

कणीकवाली

हिरव्या डागासाठी दोन आठवडे थेंब. बाकी सगळं घरचंच. सुटलेला भाग जवळून कापायचा, म्हणजे फटीत पाणी साचत नाही. आत काहीही घालून कोरायचं नाही. भांडी घासताना आधी सुती हातमोजे, वरून रबरी. नुसते रबरी घातले की घामाने हात आत ओलाच राहतो. हातमोजे घालून कणीक मळता येत नाही, म्हणून चार महिने जाऊबाई मळतेय, मी लाटते आणि भाजते. बोट पुसून कोरडं करते आणि झोपताना खोबरेल लावते, नखाच्या खाली नाही, कडेच्या कातडीला. म्हणजे तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, हात कोरडे ठेवणं हाच उपाय होता. पण दोन वर्षांत मला दहा वस्तू लावायला सांगणाऱ्यांपैकी एकानेही ‘हात कोरडा ठेव, पिन टाक’ असं म्हटलं नाही, कारण सगळ्यांनी बुरशी धरूनच पुढचं सांगितलं.

हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मी मुळाशी कानशीने बारीक खाच केली होती, ती चार महिन्यांत टोकाजवळ पोचली. खाचेमागून आलेलं नख गुलाबी आहे, मांसाला चिकटलेलं आहे. फट आता तांदळाच्या दाण्याएवढी उरलीय.

तुमच्या आईची नखं दरवर्षी सुटतात. लावणीच्या आधी एकदा नमुना पाठवाल का? मला खरंच काळजी वाटतेय.

करंजाचं तेल

येत्या महिन्यात गावी जातोय. तालुक्याला डॉक्टर कधी येतात ते विचारून ठेवतो. तेल चालू असताना दिलं तर चालेल?

लॅबमध्ये बारा वर्षं

आठवडाभर तेल बंद ठेवा आणि नख आधी कापून टाकू नका. आम्हाला खरवडायला काहीतरी उरलं पाहिजे.