मिशिगनमधील हार्टविक पाइन्स उद्यानात तंबूत मुक्काम: माहिती हवी आहे

प्रश्न: कोथरूडकर

जूनमध्ये आम्ही उभयता डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या मुलीकडे जात असून, तेथून उत्तरेस गाडीने तीन-साडेतीन तासांवर असलेल्या ग्रेलिंग गावाजवळच्या हार्टविक पाइन्स या राज्य उद्यानात दोन रात्री तंबूत राहण्याचा बेत आहे. उमेदीच्या काळात राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड अशी भटकंती आम्ही पुष्कळ केली. मात्र आता सौभाग्यवतींचे गुडघे चढ-उतार सोसत नाहीत. तेथील जुने जंगल त्यांना चालत पाहता येईल का, आणि ते दोन दिवस देण्याइतके आहे का?

उत्तर: देवराई_प्रेमी

चालता निश्चित येईल. जुन्या वृक्षांमधून जाणारी वाट सव्वा मैलाची, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरची असून ती फरसबंद आहे. तथापि अपेक्षा आधीच नीट बेतून जावे. उद्यान साडेनऊ हजार एकरांहून मोठे असले, तरी मूळचे अस्पर्श पाइनवन केवळ ४९ एकर उरले आहे. आपल्या पुण्यातील एम्प्रेस गार्डनहून थोडेसेच मोठे.

एवढेच का उरले, हे समजून पाहिल्यास त्या वनाची गोडी वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगनमधील पाइनची अरण्ये सपाट झाली. त्याच लाकूडतोडीच्या व्यवसायातील एका धनिकाची कन्या कॅरन मिकेल्सन हार्टविक यांनी १९२७ मध्ये आठ हजारांहून अधिक एकर जमीन विकत घेऊन, पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये निधन पावलेल्या आपल्या पतीच्या, मेजर एडवर्ड हार्टविक यांच्या स्मरणार्थ ती राज्याला दिली. तेव्हा जुने वन ८५ एकर होते. ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळाने त्यातील ३६ एकर आडवे केले. ‘मोनार्क’ नावाच्या १५५ फुटी वृक्षाचा शेंडा १९९२ च्या वाऱ्यात मोडला आणि १९९६ मध्ये तो वृक्षच वाळला. उरलेल्यांपैकी कित्येक वृक्ष साडेतीनशे वर्षांच्या आसपासचे आहेत, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होत असताना ती रोपे असावीत.

अधिक विचार करायला लावणारी बाब अशी की, पांढऱ्या पाइनच्या रोपांना ऊन लागते आणि पूर्वी ते वणवे व वादळांनी पडलेल्या मोकळ्या जागांत मिळत असे. आता दाट सावलीत बीच आणि मेपलची रोपेच वर येतात. तेथे गेल्यावर माना वर करून शेंडे सगळेच पाहतात. आपण खालची रोपेही पाहावीत, कारण पुढचे जंगल तेथे दिसते.

उत्तर: सिंहगडचा_नेमकरी

माझ्या मते दोन दिवस जरूर द्यावेत. लाकूडतोड्यांच्या जीवनावरचे संग्रहालय आहे, ऑ सेबल नदीची पूर्व शाखा उद्यानातून वाहते आणि ‘मर्ट्झ ग्रेड’ ही वाट लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून जाते.

मुक्कामाबाबत: तंबूची जागा सहा महिने आधीपासून आरक्षित करता येते, तेव्हा मुलीला आताच सांगून ठेवावे. गाडीसाठी प्रवेशपरवाना वेगळा लागतो. जूनमध्येही पहाटे पारा दहा अंशांखाली उतरू शकतो, त्यामुळे लोकरीचे कपडे न्यावेत. डास मुबलक असतात. गवतातून चालून आल्यावर पायांवर गोचीड नाही ना, हे तपासावे, कारण त्यांच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. अस्वलांचा प्रदेश असल्याने खाद्यपदार्थ तंबूत न ठेवता गाडीत बंद ठेवावेत, आणि यात आपल्या लाडू-चिवड्याचे डबेही आले.

कोथरूडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुलीच्या घरामागे वाळलेली लाकडे पडली आहेत, ती शेकोटीसाठी नेली तर चालतील का?

देवराई_प्रेमी

कृपया नेऊ नयेत. अ‍ॅश वृक्षांची साल आतून पोखरणारा पाचूरंगी भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटच्याच परिसरात प्रथम ओळखला गेला, आणि जळाऊ लाकडातून त्याच्या अळ्या दूरवर पोहोचल्याने कोट्यवधी झाडे मेली. लाकूड उद्यानाजवळच विकत घेऊन तेथेच जाळावे. त्या दिवसांत सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो आणि शांततेचे तास रात्री दहापासून सुरू होतात, त्यामुळे शेकोटीभोवतीच्या गप्पा उजेड असतानाच सुरू कराव्या लागतील.