दिंडीतले बावीस फोन आणि ईव्हीची १२ व्होल्टची बॅटरी

चिमणी_कराड
आषाढी जवळ आली म्हणून आत्ताच विचारून ठेवते. गेल्या वारीत माझी इलेक्ट्रिक गाडी दिंडीबरोबर होती. चालवेनाशा झालेल्या म्हाताऱ्यांना पुढच्या मुक्कामाला पोचवायचं आणि रात्री सगळ्यांचे फोन चार्ज करून द्यायचे, एवढंच तिचं काम. लायटरच्या सॉकेटला इन्व्हर्टर, त्याला दोन एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर बावीस फोन. प्रत्येकावर चिकटपट्टीने नाव: 'सुभद्राबाई, काच फुटलेली'.

लोणंदला पहिल्याच रात्री सॉकेटचा फ्यूज उडाला. मग एका हौशी भाच्याने बॉनेट उघडून इन्व्हर्टर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडून दिला. वेळापूरपर्यंत झकास चाललं. तिथे पहाटे तीनला काहीतरी टी-टी वाजत होतं. कुणाचा तरी गजर असेल म्हणून आम्ही कूस बदलली. तो इन्व्हर्टर होता! पाच वाजता रिमोट दाबला तर गाडी ढिम्म. रिमोटमधली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, पण पडदा काळा. शेवटी एका ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून केबल लावून ती जागी झाली. पडद्यावर काय दिसलं? चार्ज ७१ टक्के.

एवढी मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी मेलीच कशी? आणि यंदा काय करू? फोन नाही म्हणायची माझी छाती नाही.

तार_आणि_पकड
ताई, मी ऑटो इलेक्ट्रिशियन. मोठी बॅटरी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढले जाणारे मोठे स्विच असतात, ते ओढायला वीज लागते ती छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीची. ती बसली की मोठीत कितीही असो, तिची वीज बाहेरच येत नाही. रिमोट, पडदा, सगळं तिच्यावरच.

आता हिशोब करा. लेड-ॲसिडची छोटी बॅटरी धरा ३५ अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर ४२० वॅट-अवर. निम्म्याखाली वारंवार उतरवली की ती लवकर मरते, म्हणजे हाताशी दोनशेच्या आसपास. एक ५००० एमएएचचा फोन भरायला घसारा (वाटेत वाया जाणारी वीज) धरून २५ वॅट-अवर जातात. आठ फोनांत खेळ खलास, तुमचे बावीस. वेळापूरपर्यंत निभावलं हेच नवल.

गाडी 'रेडी'त, म्हणजे चालू करून निघायच्या तयारीत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला भरत राहतो. बावीस फोनांना साडेपाचशे वॅट-अवर, म्हणजे ३० किलोवॅट-अवरच्या बॅटरीतले दोन टक्केही नाहीत. नुसत्या 'ॲक्सेसरी'त बऱ्याच गाड्यांचा कन्व्हर्टर झोपलेला असतो, पडदा आणि गाणी चालू असली तरी. खात्री करायची तर छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावून व्होल्ट बघा. साडेतेरा-चौदाच्या पुढे दिसलं तर भरतंय, साडेबारा किंवा खाली म्हणजे नुसता उपसा.

भाच्याला माझा नमस्कार सांगा आणि चिमटे काढून घ्या. कायमचं जोडायचंच असेल तर प्लसच्या टोकाशीच फ्यूज हवा, आणि मायनस बॅटरीच्या खांबावर न घेता चेसिसच्या अर्थ पॉइंटला. खांबावर सेन्सर असला तर त्याला न मोजता गेलेला करंट गाडीला कळतच नाही. नारिंगी केबल मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजची, तिच्या वाटेला जाऊ नका.

बिनपेट्रोल_अण्णा
वर सांगितलंय ते बरोबर, पण रात्रभर माणसं झोपलीत, पोरं खेळतायत आणि गाडी रेडीत? गाडी चालू आहे हे आवाजावरून कळत नाही हो, कुणी चुकून ॲक्सिलरेटर दाबला तर? काही गाड्या थोड्या वेळाने आपणहून बंदही होतात, मग पुन्हा वेळापूर.
नव्या नेक्सॉन ईव्हीत व्हीटूएल आहे, म्हणजे गाडीतून बाहेरची उपकरणं चालवायची सोय. ते १२ व्होल्टला हात न लावता मोठ्या बॅटरीतून थेट २३० व्होल्ट देतं. तुमची जुनी दिसते.

चिमणी_कराड
जुनीच आहे. अण्णा, रात्री रेडीत ठेवायला मीही घाबरते.

तार_आणि_पकड
मग वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची. जवळपास १२८० वॅट-अवर, वजन दहा-बारा किलो. रात्री फोन तिच्यावर. दिवसा म्हाताऱ्यांच्या फेऱ्या मारताना सॉकेटवरून लिथियमच्या चार्जरने ती भरा, पाच अँपिअरचाच घ्या. सॉकेटच्या फ्यूजवर दहा लिहिलंय म्हणून दहाचा घेऊ नका. आठ तासांच्या फेऱ्या झाल्या तर फोनांपुरतं होतं. आणि इन्व्हर्टर कशाला? १२ व्होल्टवरून थेट यूएसबी देणारे हब मिळतात, घसारा वाचतो.

चिमणी_कराड
आठ तास फेऱ्या होत नाहीत हो, तीन-चार फार. म्हणजे अर्धेच फोन. सुभद्राबाईंचा फोन एक दिवसाआड करावा लागणार, हे त्यांना कोण सांगणार? काल मीटर आणून मोजलं: रेडीत १४.१, बंद करून तासाभराने १२.६. बॅटरी अजून धड आहे. भाच्याने चिमटे परत मागितले, दिले नाहीत.