मदत हवी आहे: पलटणीच्या कागदात 'हौसाबाई', आधारवर 'सुमन', आत्याची फॅमिली पेन्शन अडली आहे

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझ्या आत्याचा आहे. वय आधारवर ७४, खरं ७८ च्या आसपास. खटाव तालुक्यात एकटीच राहते. आतोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९६३ ला भरती झाले (चीनच्या लढाईनंतर गावातली पोरं रांगेने गेली, त्यातलेच), १९७८ ला नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले आणि २०११ च्या पावसाळ्यात गेले. त्यांची पेन्शन तिथे थांबली ती थांबलीच. आत्याची फॅमिली पेन्शन आजपर्यंत सुरू झालेली नाही. श्रावणबाळचे १५०० रुपये आणि दारातल्या दोन शेळ्या, एवढ्यावर चाललंय. आत्या म्हणते, "त्यांची पेन्शन त्यांच्यासंगं गेली." मला वाटायचं काही नियम असेल. आम्ही कोणी विचारलंच नाही, ही आमची चूक.

दिवाळीला घर सारवताना आतोबांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव अजून स्पष्ट वाचता येतं. आत डिस्चार्ज बुक, '७१ च्या लढाईची पदकं आणि तळाशी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं २०११ सालचं एक पत्र. त्याचा मतलब असा: आमच्याकडे पत्नीचं नाव हौसाबाई आहे, अर्ज करणाऱ्या सुमन कोण, याचा खुलासा पुराव्यासह करावा.

तर त्याचं असं आहे. आत्या म्हणजे आतोबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. माहेरचं नाव हौसा. १९६६ ला लग्न झालं तेव्हा आतोबांनीच ताटातल्या तांदळात अंगठीने 'सुमन' लिहिलं, पण लहानपणापासून जिभेवर हौसाच. सुट्टी संपवून पलटणीत परतल्यावर क्लार्कने बायकोचं नाव विचारलं असणार आणि ते सवयीने हौसा म्हणाले असणार. पुढे रेशनकार्ड, मतदार यादी, आधार सगळीकडे सुमन.

आत्याच्या मुलाने ते पत्र वाचून डोक्यात राख घालून घेतली. "माझ्या आईला दुसरी बायको ठरवतात" म्हणून पत्र ट्रंकेत टाकलं आणि विषय संपवला. आता तो ट्रकवर असतो, महिना महिना घरी नसतो. त्याआधी बँकेत गेला होता, तिथे सांगितलं की पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) पत्नीचं नावच नाही, आम्ही काही करू शकत नाही. पीपीओची प्रत आता सापडत नाही.

विचारायचं आहे ते हे:
१. पंधरा वर्षांनी अर्ज चालतो का?
२. हौसाबाई आणि सुमन एकच, हे सिद्ध कसं करायचं? लग्नाचा दाखला नाही. लग्न लावणारे भटजी कधीच गेले.
३. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९५२ आहे. त्या हिशेबाने लग्नात ती १४ वर्षांची होते. यावरून कोणी हरकत घेईल का?
४. गावात एक एजंट आहे. सगळं करून देतो म्हणतो, पण थकबाकीतला निम्मा हिस्सा हवा.

आतोबा गेल्यावर तीन-चार महिने पेन्शन खात्यात येत राहिली होती, मुलाने ती काढली. हेही सांगून ठेवते, नंतर अडचण नको.

— कुसुंब्याची लेक

जुना क्लार्क:
ताई, पहिलं काम, एजंटला चहा पाजून वाटेला लावा. या कामाला पैसे पडत नाहीत, चपला झिजतात.

हक्क बुडत नाही. आतोबा पेन्शनर होते, त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पत्नीला फॅमिली पेन्शन लागू होते. अर्ज उशिरा केला म्हणून ती नाकारता येत नाही. बँकेत परत जाऊ नका. त्या काळच्या पीपीओवर फक्त शिपायाचं नाव असायचं, पत्नीची संयुक्त नोंद नंतर आली, त्यामुळे बँकेच्या हातात खरंच काही नव्हतं. वाट अशी आहे: साताऱ्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून बेळगावचं रेकॉर्ड, तिथून प्रयागराजला संरक्षण लेखा विभागाचं पेन्शन कार्यालय. मंजुरी तिथे होते आणि पैसे आता 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यात येतात.

पीपीओ नसला तरी बिघडत नाही. ट्रंकेवरचा नंबर आहे ना, तोच तुमचा पीपीओ समजा. पेन्शन न मिळालेल्या शिपायांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, पेन्शनरांचे तसे करत नाहीत. शीट रोल, म्हणजे त्यांच्या नोकरीचा नोंदपट, असणार. त्यात लग्नाची आणि प्रत्येक मुलाच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (पलटणीची अधिकृत लेखी नोंद) असते. थोरल्या मुलाची नोंद १९७८ च्या आधीची असेल तर तिथे आईचं नाव काय लिहिलंय ते विचारून घ्या.

आणि ते पत्र रागावण्यासारखं नव्हतं हो. ते विचारणारच. दोन बायकांची भांडणं मी त्या टेबलावर ढिगाने पाहिली आहेत.

जास्तीचे काढलेले महिने थकबाकीतून वळते करतील. लपवू नका, बस.

माणगंगा:
तोपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचा अर्ज टाका ना. ६५ च्या वरच्या विधवांना दर महिना पैसे मिळतात. माझ्या काकूला मिळतात.

जुना क्लार्क:
ती मदत पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना, हवालदार हुद्द्यापर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासून ४००० चे ८००० झालेत. तुमचे काका बहुधा पेन्शनला लागणारी १५ वर्षं पुरी होण्याआधी सुटून आले असतील. ताईंची केस वेगळी आहे. इथे हक्काची पेन्शन आहे: किमान ९००० आणि वर महागाई भत्ता. शिवाय ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना. मदतीचा अर्ज करून उगाच दोन फाइली एकमेकींत अडकवू नका.

पाटीपेन्सिल:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आत्या शाळेत गेल्या होत्या का हो? एक इयत्ता का होईना? माहेरच्या गावच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं, ते जपून ठेवावंच लागतं. त्यात मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. आमच्याकडे १९३० च्या दशकातलं रजिस्टर आहे, पानं पापडासारखी झालीत पण वाचता येतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, उतारा मिळतो. नाव आणि वय दोन्ही एकदम सुटेल.

कुसुंब्याची लेक:
आत्याला फोन केला. "मी कुठं शाळंत गेले" म्हणाली. मग पाच मिनिटांनी तिचाच फोन: "दोन वर्सं गेलते, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलं." शनिवारी जाऊन येते.

कुसुंब्याची लेक:
मिळालं! तीन रजिस्टरं चाळली. गुरुजींनी बोट ठेवून दाखवलं: हौसा, पुढे माझ्या आजोबांचं पूर्ण नाव, जन्म मार्च १९४८, दुसरीतून नाव कमी, कारण 'गैरहजर'. आत्या सोबत होती. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, गैरहजर नाय, घरी होते.

आता हे हौसाचं झालं. हौसापासून सुमनपर्यंतचा पूल कसा बांधायचा?

जुना क्लार्क:
शाब्बास. आता प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे प्रतिज्ञापत्र: माहेरची हौसा आणि सासरची सुमन ही एकच व्यक्ती, लग्नात नाव बदललं, अमुक नंबरच्या नाईकची ती एकमेव पत्नी. सोबत शाळेचा उतारा, मृत्यूचा दाखला, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, सरपंच आणि पोलीस पाटलांचा दाखला, आधार, पॅन, एकटीच्या नावाचं पासबुक. २०११ च्या पत्राची झेरॉक्स आठवणीने वर लावा. तुम्ही तेव्हाच अर्ज केला होता याचा तोच पुरावा. मुलगा ते फाडून टाकू शकला असता, टाकलं नाही हे नशीब.

आधारवरचं नाव बदलून हौसाबाई करायच्या फंदात पडू नका, बँक, रेशन सगळं उलटं होईल. जन्मतारीख मात्र दुरुस्त करून घ्या, आणि अर्जाआधीच. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०. १९५२ राहिलं तर ती वाढ चार वर्षं लांबेल.

काळा कोट:
थकबाकीबद्दल. मागणी मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनचीच करा. कमी दिली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. पण आधीच सांगतो, सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर न्यायालयात उशिरा गेलेल्यांना सहसा मागच्या तीनच वर्षांची थकबाकी मिळते. तुमच्याकडे २०११ च्या अर्जाचा पुरावा आहे, त्यामुळे मुद्दा मांडायला जागा आहे. दरमहाची पेन्शन आधी सुरू होऊ द्या, भांडण नंतर.

कुसुंब्याची लेक:
सगळ्यांचे आभार. सोमवारी साताऱ्याला निघतोय. श्रावणबाळचं काय? पेन्शन लागली की तहसीलला कळवायचं ना?

काळा कोट:
हो. तिथे उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार आहे. पहिली पेन्शन जमा झाली की लेखी कळवा, आधी नको.

कुसुंब्याची लेक:
शेवटचं एकच. आत्या विचारतेय, प्रतिज्ञापत्रावर सही कोणत्या नावाने करायची? तिला हौसा लिहिता येतं. सुमन लिहायला नंतर शिकली, बँकेसाठी.

जुना क्लार्क:
बँकेत आहे तशीच. सुमन.