मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही

एकाने विचारलंय की सिंथवर (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) वाजवलेल्या नोट्स संगणकावरच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उमटतात, पण प्ले केल्यावर काहीच ऐकू येत नाही. नव्या केबलसाठी ठाण्याहून मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठण्याआधी हे बघा.

मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांच्यातली निरोपांची भाषा, तिच्यातून आवाज जातच नाही. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, असे निरोपच जातात. जुन्या पाच पिनांच्या मिडीत जायची आणि परतीची केबल वेगळी असते, म्हणजे इंटरफेसच्या (वाद्यं संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) मिडी आउटपासून सिंथच्या मिडी इनपर्यंत दुसरी केबल हवीच. शिवाय सिंथच्या लाइन आउटपासून इंटरफेसच्या लाइन इनपुटला साधी ऑडिओ केबल, आणि तिच्यासाठी वेगळा ऑडिओ ट्रॅक. मिडी ट्रॅकचं आउटपुट सिंथकडे वळवून चॅनेल (१ ते १६) जुळवा.

एवढं झालं की बहुतेक वेळा प्रत्येक सूर दुहेरी ऐकू येतो. पट्टी दाबताच सिंथ स्वतः वाजतो, आणि सॉफ्टवेअरकडून परत आलेल्या निरोपाने पुन्हा वाजतो. सिंथच्या मेन्यूत ‘लोकल कंट्रोल’ ऑफ करा. नौपाड्यातल्या घरी मी ही लेटन्सी (संगणकामुळे आवाजाला होणारा उशीर) समजून दोन रविवार सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफरच (आवाज पुढे देण्याआधी साठवायची जागा) कमी करत बसलो होतो.

आणि गाण्याची अंतिम फाइल काढण्याआधी, म्हणजे एक्स्पोर्टआधी, सिंथ ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड करून घ्याच, नाहीतर फाइलमधून तो गायब असेल.