मर्यादा वाढवली की उमेदवार खरा खर्च दाखवतील?

हिशेबवही: काल एकाने लिहिलं की विधानसभेची ४० लाखांची मर्यादा दुप्पट करा, म्हणजे उमेदवार खरा खर्च दाखवतील. वाचून डोकंच फिरलं. २०११ ला १६ लाख होती, २०१४ ला २८, २०२२ ला ४०, कोण खरं बोलायला लागलं? गोपीनाथ मुंडे २०१३ मध्ये मुंबईत भर कार्यक्रमात बोलले की २००९ च्या लोकसभेला ८ कोटी लागले, तेव्हा मर्यादा २५ लाख. नोटीस आली, खासदारकी गेली नाही. आणि उमेदवाराला निदान मर्यादा तरी आहे, पक्षाला तीही नाही. बूच तिथे मारा.

माजी कार्यकर्ता: ते लिहिणारा मीच. एका मतदारसंघात तीन-साडेतीन लाख मतदार, माणशी बारा-तेरा रुपये येतात, त्यात डिझेल, पत्रकं, बूथवरच्या पोरांचं जेवण बसवून दाखवा. मी पंचायत समिती लढलोय, बायकोचे दागिने गहाण टाकून. मर्यादा पाळणारा माणूसच मरतो यात.

मंडपवाला: आकड्यांवर काय भांडताय, आमचा धंदा मंडपाचा. निवडणूक अधिकाऱ्याचं दरपत्रक असतं, खुर्ची किती, चहा किती, वडापाव किती. मग निरोप येतो, बिल ३०० खुर्च्यांचं करा. लावलेल्या असतात दोन हजार. उरलेलं रोखीत, तेपण निकालानंतर. एकदा उमेदवार पडला, माझे पैसे आजतागायत नाहीत, कागदच नाही तर मागू कशावर?

हिशेबवही: म्हणजे खोटं बिल तुम्हीच फाडलंत ना! तुमच्यासारख्यांमुळेच हे चालतं.

मंडपवाला: नाही म्हटलं तर पुढची लग्नसराई घरी बसून काढावी लागते. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

शाळेतली ताई: दादा, त्यांच्यावर कशाला घसरता? मागच्या विधानसभेला माझी ड्युटी व्हिडिओ पथकात होती. खुर्च्या, झेंडे, गाड्या सगळं शूट करायचो, त्यावरून खर्च वेगळ्या रजिस्टरला चढतो आणि उमेदवाराच्या वहीशी ताळा घेतात. पण स्टार प्रचारकाच्या सभेत उमेदवार स्टेजवर नाही, त्याचं नाव नाही, फोटो नाही, की अख्खा खर्च पक्षाच्या नावावर. रात्री अकरापर्यंत उभं राहून शूट केलेलं, त्याच्या हिशेबात एक रुपया नाही. रडू आलं होतं मला.

माजी कार्यकर्ता: ताई म्हणतात ते खरंय, आमच्याकडेही असंच करायचे. बरं, पक्षाला मर्यादा घाला, मग ४० लाखांवर माझी तक्रार नाही. त्याआधी मात्र ऐकणार नाही.

हिशेबवही: मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. मंडपवाले, मघाशी जास्त बोललो. पण दहा हजारांवरचं पेमेंट चेकने किंवा ऑनलाईनच करायचा नियम आहे, तो तरी धरून बसा.

मंडपवाला: तो नियम बिलातल्या ३०० खुर्च्यांना. बाकीच्या १७०० माझ्या टेम्पोतनं गेल्या, माझ्या पोरांनी उचलल्या, त्यांचं काय ते सांगा.