कराटेनंतर ज्युडो की ब्राझिलियन जिउ-जित्सू?

प्रश्न :
शोतोकान कराटेचा मी बरीच वर्षे सराव करत असून ब्लॅक बेल्टही मिळवला आहे. मात्र समोरच्याने पकडून जमिनीवर आणले तर पुढे काय करायचे, हे आमच्या वर्गात शिकवले जात नाही. म्हणून चाळिशीत ज्युडो (पकडून फेकण्याची कला) किंवा ब्राझिलियन जिउ-जित्सू (मुख्यतः जमिनीवरील झुंजीची कला) सुरू करण्याचा विचार आहे. असा बदल केलेल्यांना जुन्या सवयींचा उपयोग झाला की अडचण, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
मी कराटेतून ज्युडोकडे वळलो आणि खरा फरक रांदोरीत, म्हणजे मुक्त सरावात, जाणवला. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युडोची शाळा स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतील प्रहार रांदोरीतून वगळले, त्यामुळे जोडीदार संपूर्ण ताकदीने विरोध करत असतानाही त्याला फेकण्याचा प्रयत्न करता येतो. कराटेत मात्र ठोसा बहुधा अंगाला लागण्याआधीच आवरावा लागतो. कराटेतील अंतराची जाण पकड बसेपर्यंत उपयोगी पडते, त्यानंतर फारशी नाही. लांब आणि खोल पवित्रा तर नडतोच, कारण त्यातून पावले चटकन उचलता येत नाहीत आणि पुढचा पाय जोडीदाराला आयता मिळतो. आपल्या वयाचा विचार करता उकेमी, म्हणजे सुरक्षितपणे पडण्याचे तंत्र, अंगवळणी पडेपर्यंत कोणाकडूनही जोरात फेकून घेऊ नये. ते कंटाळवाणे असते, पण त्याला पर्याय नाही.

प्रतिसाद २ :
चाळिशीत मी जिउ-जित्सू निवडेन. तिथला मुक्त सराव अनेकदा गुडघ्यांवर बसूनच सुरू होतो, त्यामुळे उंचावरून आपटण्याचे प्रसंग कमी येतात. बोटे, मान आणि गुडघे यांना मात्र त्रास होतो. विशेषतः टाच पिरगळण्याच्या डावात वेदना जाणवेपर्यंत गुडघ्याला इजा झालेली असू शकते, म्हणून तिथे जोडीदाराच्या अंगावर किंवा जमिनीवर हात थोपटून शरण जाण्यास विलंब करू नये. ब्लॅक बेल्टधारकाला नवख्या मुलांसमोर वारंवार शरण जाणे जड जाते, हेही आधीच सांगून ठेवतो. बाकी दोन्ही कलांचे नाते जवळचे आहे, कारण कोदोकानचे मित्सुयो माएदा यांनी ब्राझीलमध्ये शिकवलेल्या ज्युडोतूनच जिउ-जित्सू वाढले.

प्रतिसाद ३ :
कलेच्या नावापेक्षा वर्ग पाहून ठरवावे, असे माझे मत आहे. प्रवेश घेण्यापूर्वी एक पूर्ण सत्र बाजूला बसून पाहावे : चाळिशीच्या पुढचे किती जण नियमित येतात, आणि प्रशिक्षक वजन व अनुभव पाहून जोड्या लावतात की जो समोर येईल त्याच्याशी भिडवतात? दुसरा प्रकार दिसल्यास तो वर्ग सोडून द्यावा, मग शिकवणारा कितीही नामांकित असो.