सवाईला पहिल्यांदाच चाललोय, शास्त्रीय काही कळत नाही, पाच दिवस बसवेल का?

लातूरकर_पुण्यात

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूरचा, गेली तीन वर्षं पुण्यात, आयटीत. आमच्या ऑफिसातल्या एका सीनियर मॅडमना यंदा घरच्या लग्नामुळे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाता येणार नाहीये, तर त्यांनी त्यांचा भारतीय बैठकीचा (म्हणजे जमिनीवर बसायचा) सीझन पास सरळ माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या जा, आयुष्यात एकदा तरी बघ. मी हो म्हणून बसलो आणि आता टेन्शन आलंय.

म्हणजे लाइव्ह कॉन्सर्टचा मला नाद आहे, जानेवारी 2025 ला कोल्डप्लेला नेरूळच्या स्टेडियमवर होतो, मनगटातले ते लाइटचे पट्टे एकदम पेटले तेव्हा खरं सांगतो डोळ्यात पाणी आलं होतं. पण तिथे सगळी गाणी पाठ होती. आधीच्या शोची सेटलिस्ट नेटवर बघून गेलो होतो, कुठल्या गाण्यानंतर कुठलं येणार ते पण माहीत, त्या हिशोबाने पाणी प्यायला जायचं. इथे पत्रिकेत नुसती गायकाची नावं. काय गाणार ते कुठेच नाही?? आणि एकेक जण तासभर गाणार. मला यमन आणि भैरवी ही नावं ऐकून माहीत, ओळखता दोन्ही येत नाहीत. झोप लागली तर शेजारचे हाकलतील का, टाळ्या कधी वाजवायच्या, आणि सोबत काय न्यायचं ते सांगा. टोमणे मारले तरी चालतील, पुण्यात राहून सवय झालीये.

रमणबागेचा_जुना_भिडू

टोमणा मारणार होतो पण तू आधीच सवय झाली म्हणालास, मजा गेली.

झोप लाग रे बिनधास्त. मी पहिल्यांदा वडिलांबरोबर गेलो तेव्हा आठवीत होतो, रमणबाग शाळेच्या पटांगणात, अंगावर आजीचं जाड घोंगडं, आणि अर्ध्याहून जास्त रात्र मी झोपेतच ऐकली. पण मधेच जाग यायची तर कुणीतरी तार सप्तकात (वरच्या सुरांत) असायचं, मग परत डोळा लागायचा, मग पहाटे थंडीने जाग आली आणि भीमसेनजी गायला बसलेले. शेवट त्यांचाच असायचा. राग कुठला होता ते मला तेव्हा कळलं नाही, वडिलांना विचारलं तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं. नंतर उजाडल्यावर अमृततुल्यमध्ये चहा पिताना सांगितलं, ललत होता. चाळीस वर्षं झाली, अजून ललत लागला की मला त्या चहाचा वास येतो आणि घोंगडं टोचतं. तिकीट न मिळालेली माणसं बाहेर रस्त्यावर पेपर टाकून बसायची आणि त्यांना आत बसलेल्यांपेक्षा जास्त कळायचं हे मी पैजेवर सांगेन.

आता ते सगळं गेलं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही हा नियम 2000 सालचा, 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कडक करायला लावला, आणि रात्रभराचा सवाई संपला. शनिवारी तेवढी बारापर्यंतची परवानगी मिळते सहसा. 2018 पासून जागाही बदलली, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. सोय चांगली आहे, मोठे पडदे आहेत, पार्किंग त्यातल्या त्यात बरं. पण रमणबाग ती रमणबाग.

न्यायच्या गोष्टी: जाड सतरंजी, लहान उशी पाठीला, शाल, मफलर. दुपारी मांडवात उकडतं आणि आठनंतर मैदानातली थंडी खालून चढते, त्यामुळे सतरंजी पातळ नेऊ नकोस. मेट्रोने स्वारगेटला उतर आणि तिथून रिक्षा.

धा_तिरकिट

काकांशी जागेबद्दल सहमत, पण दहाच्या नियमाने सगळं वाईटच झालं हे मला पटत नाही. मी तबला शिकतो (पंधरा वर्षं शिकतोय, अजून शिकतोच आहे, असो). रात्री सुरू होऊन पहाटे संपायचं तेव्हा दुपारचे राग सवाईत कोण गाणार? आता कार्यक्रम तीनला सुरू होतो, रविवारी तर बाराला, त्यामुळे भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती, नशीब असेल तर गौडसारंग असं सगळं ऐकायला मिळतं. आणि सूर्य मावळायच्या वेळेला मांडवाच्या कडेने ऊन तिरपं येत असताना कुणी मारवा किंवा श्री लावला तर काय होतं ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत. मात्र ललत, तोडी, भटियार गेले हे खरं. ते आता दिवाळी पहाटला शोधायचे.

@लातूरकर तुला एक सोपी गोष्ट देतो, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. गायक सुरुवातीला एक ओळ म्हणेल बंदिशीची (रागात बांधलेल्या गाण्याची), त्या ओळीचा पहिला तुकडा म्हणजे मुखडा. तो तेवढा लक्षात ठेव. मग तो गायक कुठेकुठे भटकून येईल, तुला वाटेल हा हरवला, पण तो फिरून फिरून त्याच मुखड्यावर येतो आणि मुखड्यातलं एक अक्षर तबल्याच्या तालातल्या पहिल्या मात्रेवर (ठोक्यावर) बरोब्बर आदळतं. ती सम. तेव्हा आजूबाजूला बघ, अनोळखी माणसांच्या माना एकदम हलतील. विलंबित एकताल असेल तर मात्रा बाराच पण लय इतकी संथ की एक आवर्तन (तालाची एक फेरी) मिनिटभर सुद्धा चालतं, त्यामुळे घाई करू नकोस. पुढे द्रुतमध्ये (जलद लयीत) तीनताल आला की मजा वेगळी, मधे काही मात्रा डग्गा (तबल्याच्या जोडीतला घुमणारा) गप्प होतो ती खाली, ती ऐकू आली की समजायचं अर्धं अंतर झालं, सम आता येते. सेटलिस्ट नाही म्हणतोस ना, ही धर सेटलिस्ट, दर आवर्तनाला एकच आयटम.

टाळ्यांचं म्हणशील तर शेवटी वाजव. मधे आवडलं तर तोंडातून आपोआप जे निघेल ते निघू दे, पण मुद्दाम ‘क्या बात है’ करू नकोस, गेल्या वर्षी माझ्या मागे एक गृहस्थ तानपुरे जुळवत असताना वाहवा करत होते.

मिरजेची_माहेरवाशीण

हाहाहा तानपुरे जुळवताना दाद देणारे आमच्याकडे पण आहेत. पण खरं सांगू का, दाद नाही तरी लक्ष त्याच वेळी द्यायचं असतं आणि नेमके तेव्हाच सगळे वडे आणायला उठतात.

माझं माहेर मिरजेला, सतारमेकर गल्लीच्या जवळच, लहानपणी शाळेत जाताना उन्हात वाळत ठेवलेले सतारींचे भोपळे मोजत जायचो आम्ही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवाळी होती. तर तानपुऱ्याला चार तारा, मधल्या दोन सा च्या, शेवटची खर्जाची (खालच्या सा ची), आणि पहिली मात्र रागाप्रमाणे बदलते. बहुतेक वेळा ती पंचमावर (प) असते. पण रागात पंचमच नसेल तर ती मध्यमावर (म) किंवा निषादावर (नी) लावतात. मालकंसात पंचम नाही, मध्यमावर लावणार. म्हणजे गायकाने तोंड उघडायच्या आधीच अंदाज बांधता येतो. माझे बाबा यावर शेजारच्याशी चहाची पैज लावायचे आणि बहुतेक जिंकायचे.

अजून एक, सवाईचं मूळ शोधायचं तर मिरजेला या कधीतरी. ज्यांच्या नावाने हा महोत्सव ते सवाई गंधर्व म्हणजे गायक रामभाऊ कुंदगोळकर, ते अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, आणि खाँसाहेब मिरजेत दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेतायत. 1937 ला गेले. उरुसात तिथे गाणं असतं, तिकीट नाही पास नाही. जमिनीवर बसायचं, मागे पाळणे फिरत असतात, कुणाचं पोर रडत असतं, आणि गाणारा गात असतो. मला पुण्याच्या मांडवातली ती शिस्त थोडी अंगावर येते, हे माझं वैयक्तिक मत, पुणेकरांनी मनावर घेऊ नये.

रमणबागेचा_जुना_भिडू

घेतलं मनावर. पण मिरजेचं खरंय, मी एकदा गेलोय.

मांडवी_काठचो

हांव गोंयचो, मराठीत लिहितो. दहाच्या नियमावर एवढी चर्चा चाललीये म्हणून सांगतो, आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांना हा नियम लागू नाही. 1977 ला व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात त्यांची भैरवी आहे, अजून चालूच आहे बाहेर, कुणी पोलीस जाऊन बंद करू शकत नाही. त्याच वर्षी बाई गेल्या. पणजीला कला अकादमीत त्यांच्या नावाचा समारोह असतो, जमलं तर या, मांडवीच्या काठावर आहे, मध्यंतरात वारं खायचं. बाकी मूळ प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, मी पण मागच्या रांगेतलाच.

कोथरूडची_कॉफी

मी जरा कडू बोलते. सगळे घोंगडी आणि ललत करतायत, पण तिथे त्रासही असतो तो कुणी सांगत नाही. सतरंजी पसरून सात जणांची जागा धरून ठेवणारी मंडळी असतात आणि ती सात माणसं रात्री आठला उगवतात. फोटो काढू नका म्हणून सांगितलेलं असतं तरी फोन वर करून धरतात, मागच्याला गायक पाच इंचाचा दिसतो. आणि एक वर्षी माझ्या पुढे दोन जणी संपूर्ण विलंबित भर फ्लॅटच्या पझेशनबद्दल बोलत होत्या, मला बिल्डरचं नाव, मजला, पार्किंग सगळं कळलं, राग कुठला होता ते आजतागायत माहीत नाही. त्यामुळे @लातूरकर, खांबाजवळ बस पण स्टॉलच्या बाजूला नको, तिथे खिचडीचा वास आणि गप्पा दोन्ही येतात. उठायचं असेल तर दोन गायकांच्या मधे ऊठ, चालू गाण्यात उठून सतरंज्या तुडवत जाऊ नकोस.

तरी मी दरवर्षी जाते. का ते विचारू नका. गायिका प्रभाताई अत्रे शेवटच्या दिवशी समारोपाला गायच्या तेव्हापासून सवय लागली, त्या जानेवारी 2024 ला गेल्या, सवय मात्र राहिली. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावतात, खरखरीतून आवाज येतो आणि एवढा मोठा मांडव गप्प असतो. ते ऐकल्याशिवाय निघू नकोस. निम्मी पब्लिक पार्किंगच्या घाईत आधीच पळते.

लातूरकर_पुण्यात

पहिला दिवस करून आलो. रात्रीचे अकरा वाजलेत, पाय पार आखडलेत, पण लिहून टाकतो नाहीतर विसरेन.

साडेतीनला पोचलो, खांबाजवळ जागा मिळाली. शेजारी एक आजोबा, सत्तरीचे तरी असतील, एकटेच, थर्मास आणि डब्यात लाडू. पहिल्या गायिकेला मला सम एकदाही सापडली नाही. मी बोटांवर मोजायला लागलो आणि प्रत्येक वेळी माझी सम आधी यायची नाहीतर मान डोलवून मोकळे झालेल्यांच्या नंतर. आजोबांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा हात माझ्या बाजूच्या गुडघ्यावर आणून जरा दिसेल असा ठेका धरला. मग सापडली. दोनदा. नंतर मी चक्क झोपलो, वीसेक मिनिटं, कुणी हाकललं नाही.

मग पावणेसहाच्या सुमारास पुढचे गायक आले आणि तानपुरे जुळवायला लागले, मी मिरजेच्या ताईंचं आठवून कान देऊन बसलो. पहिली तार काहीतरी वेगळी वाटली, नेहमीची नाही एवढं कळलं. मी आजोबांना मोठ्या थाटात म्हटलं, मालकंस गाणार बहुतेक. आजोबा इतके हसले की थर्मासचं झाकण पडलं. म्हणाले अहो मालकंस रात्रीचा, आता किती वाजलेत बघा तरी. निषादावर लावलीये, मारवा असणार. आणि मारवाच होता!!

आता @धा_तिरकिट तू म्हणालास ना ऊन तिरपं येतं ते, तसंच आलं. पण मला सुरुवातीला अजिबात बरं वाटलं नाही. पोटात काहीतरी लागून राहिल्यासारखं, म्हणजे गाडी सुटायची वेळ झालीये आणि घरचं माणूस अजून आलं नाहीये असं. मी आजोबांना हळूच विचारलं हे असं का होतंय. त्यांनी कानाशी येऊन एवढंच सांगितलं, हा सा वर टेकत नाहीये, तुम्ही सा ची वाट बघा. मग मी वाट बघत बसलो. तो गायक सा च्या भोवती फिरतोय, खालून येतो वरून येतो, शिवत नाही. किती वेळ गेला माहीत नाही, मी फोनसुद्धा काढला नाही, आणि मग एकदा त्याने जाऊन सा लावला आणि तिथेच थांबला. माझ्या तोंडातून जे निघालं ते ‘वाह’ नव्हतं, लातुरात म्हणतात तसलं काहीतरी होतं, इथे लिहिता येणार नाही. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं. आजोबांनी मला लाडू दिला.

उद्या परत जातोय. पातळ सतरंजी नेली होती, काकांचं ऐकायला पाहिजे होतं. कुणाकडे जास्तीची उशी आहे का?

धा_तिरकिट

आहे. चार वाजता मेन गेटला ये, निळा स्वेटर. चहा तुझा. आणि आजोबांच्या शेजारची जागा सोडू नकोस.